स्वतःची पाठरीत

अध्यापक विद्यालयाची पदविका घेऊन बाहेर पडलेला तरुण शिक्षक प्रथम शाळेत रुजू होतो, तेव्हा त्याच्याजवळ स्वतःचे असे फारच थोडे असते. पाठ कसा घ्यावा हे तो जाणतो. परंतु ते जाणणे उसने असते. फळ्यासमोर तो उभा राहतो तो आपल्या लहानपणीच्या गुरुजींसारखा. प्रश्न विचारतो ते विद्यालयातील प्राध्यापकांच्या धाटणीने. आणि वर्ग हाताबाहेर जाऊ लागला, की शेजारच्या वर्गातील ज्येष्ठ सहकाऱ्याचा आवाज काढू पाहतो. यात लाज वाटण्याजोगे काही नाही. बोलू लागलेले मूलही प्रथम दुसऱ्यांचेच शब्द बोलते. विचार करावयाचा तो एवढाच, की या उसन्या भांडवलावर चाललेला व्यवहार स्वतःचा केव्हा व कसा होतो, आणि तो तसा न झाला तर त्याची किंमत कोण देतो.

किंमत मुले देतात, हे प्रथमच सांगून टाकलेले बरे. शिक्षकास आपली रीत सापडावयास दोन-तीन वर्षे लागली, तर ती त्याच्या तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीतील दोन-तीन वर्षे असतात. तिसरीच्या वर्गात बसलेल्या मुलाच्या वाट्यास मात्र तिसरीचे वर्ष एकदाच येते. त्या वर्षी ज्यास वाचता आले नाही ते मूल चौथीत मागच्या रांगेस बसते, पाचवीत गप्प बसते, आणि पुढे एक दिवस येईनासे होते. म्हणून 'अनुभवाने सगळे जमेल' हे सहकाऱ्यांचे धीर देणारे वाक्य नव्या शिक्षकाने फार मनावर घेऊ नये. अनुभव हा वर्षे मोजल्याने येत नाही. काय केले आणि त्याचे काय झाले हे पाहिल्याने तो येतो, आणि पाहावयाचे तर आज संध्याकाळपासूनच पाहावे लागते.

नव्या शिक्षकाच्या उसन्या सामानात सर्वांत भक्कम वस्तू असते ती पाठाच्या पायऱ्यांची. योहान फ्रीडरिख हर्बार्ट (१७७६–१८४१) या जर्मन तत्त्वज्ञाने ज्ञान मनात कसे रुजते याचे चार टप्पे कल्पिले होते. त्याच्या मागून आलेल्या त्सिलर व राईन या अनुयायांनी त्यांचे पाच करून ते शिक्षकांच्या हाती दिले. पूर्वतयारी, विषयप्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण व उपयोजन ही ती पंचपदी. प्रशिक्षण घेणाऱ्या कित्येक पिढ्यांनी ती पाठ केली, आणि पाठ-टाचणाच्या आजच्या नमुन्यांतही तिचा माग दिसतो. पंचपदीत वाईट काही नाही. तत्त्वज्ञाने मन कसे चालते याचा विचार मांडला. अनुयायांनी पाठ कसा चालवावा याचा नकाशा काढला. आणि नकाशा हातात आल्यावर प्रदेशाकडे पाहण्याचे पुष्कळांनी सोडून दिले, एवढीच तक्रार आहे. पूर्वतयारीचे प्रश्न विचारून झाले म्हणजे मुलांची पूर्वतयारी झाली, असे टाचणात लिहिता येते. मुलांच्या वहीत ते दिसेलच असे नाही.

मुळशी तालुक्यात हे विशेष जाणवते, कारण हा तालुका एक असूनही शाळांचे मुलूख दोन आहेत. पूर्वेस हिंजवडी, माण, बावधन या बाजूस संगणक उद्योगांच्या व वसाहतींच्या इमारती उठल्या आहेत, आणि त्या बांधणाऱ्या मजुरांची मुले शाळेत येतात. त्यांच्या घरची भाषा कधी हिंदी, कधी कन्नड, कधी बंजारा असते. पिरंगुटचे कारखाने व पौडची कचेरी मागे टाकून पश्चिमेस चालू लागावे, तो धरणाचा जलाशय, त्यापलीकडे घाटमाथ्याचा मुसळधार पाऊस, भाताची खाचरे, उतारावर नाचणी व वरई, डोंगरावर धनगरवाडे व कातकरी वस्त्या. तेथे पहिली ते चौथीची शाळा दोन शिक्षकांवर चालते आणि एका शिक्षकास एकाच वेळी दोन इयत्ता सांभाळाव्या लागतात. चांदणी चौकापासून ताम्हिणीपर्यंतच्या एकाच रस्त्यावर, एकाच पाठ्यपुस्तकातील एकच धडा, निरनिराळ्या मुलांपुढे उघडला जातो.

या पश्चिमेकडील शाळेत नुकताच आलेला एक शिक्षक डोळ्यांपुढे आणावा. तो जिल्ह्याच्या पूर्वेकडील उसाच्या मुलखात वाढला आहे. भाताची लावणी त्याने जवळून पाहिलेली नाही. तिसरी व चौथी त्याच्याकडे आहेत. जुलैच्या आरंभी तो तिसरीस हातच्याची वजाबाकी शिकवावयास घेतो. तयारी त्याने मनापासून केली आहे. तक्ता आहे, काड्या आहेत, प्रस्तावनेस दिवाळीच्या लाडवांची गोष्ट आहे. पाठ वेळेत संपतो. मग तो ५२ वजा २७ हे उदाहरण फळ्यावर घालतो, आणि निम्म्या पाट्यांवर उत्तर येते ३५.

दुसऱ्या दिवशी तो तेच अधिक मोठ्याने समजावतो. मुले एका सुरात 'दोनातून सात जात नाहीत, दशकाकडून हातचा घेतला' असे म्हणू लागतात. वर्गात चैतन्य आल्यासारखे वाटते. पाट्यांवर मात्र पुन्हा ३५.

येथे नवा शिक्षक बहुधा दोहोंपैकी एक निदान करतो: मुलांचे लक्ष नाही, किंवा आपल्याला शिकवता येत नाही. दोन्ही निदाने उतावळी आहेत. ३५ हे उत्तर निष्काळजीपणाचे नव्हे. ज्या मुलाने ते लिहिले त्याने एक नियम पाळला आहे. पाचातून दोन गेले, तीन राहिले. दोन आणि सात यांत लहान संख्या दोन, म्हणून सातातून दोन गेले, पाच राहिले. लहानातून मोठे जात नाही, तर मोठ्यातून लहान काढावे, असा तो नियम आहे. तो मुलाने स्वतः बसवला आहे आणि तो प्रामाणिकपणे चालवला आहे. एकाच चुकीने दहा पाट्या भरल्या, तर दहा मुले झोपली होती असे समजू नये. दहा मुले एकाच रीतीने विचार करीत होती असे समजावे. हे ध्यानी आले म्हणजे अधिक मोठ्याने बोलण्याचा मोह जातो. मुलाचा नियम त्याच्या डोळ्यांसमोर मोडून दाखवावा लागतो, आणि तो शब्दांनी मोडत नाही.

चौथ्या दिवशी वर्ग अर्धा रिकामा असतो. लावणी सुरू झाली आहे. शाळा सुटल्यावर शिक्षक बांधावरून जातो तेव्हा आपलीच एक विद्यार्थिनी त्यास खाचरात दिसते. रोपे उपटून बांधलेल्या जुड्या ती लावणाऱ्या बायकांना नेऊन देत असते. कुणाच्या हातातील रोपे सरत आली आणि चार-सहाच हवी असली, तर ती एक जुडी सोडते, हवी तेवढी देते आणि उरलेली सुटी रोपे डाव्या हातात धरते. जुडी न सोडता तिच्यातून चार रोपे देता येत नाहीत, आणि सोडल्यावर ती जुडी राहत नाही, हे तिला कुणी शिकवलेले नाही. तीन दिवस फळ्यावर जे चालले होते ते हेच.

शेतातल्या जुडीत दहाच रोपे असतात असे नाही. दुसऱ्या दिवशी शिक्षक मुलांकडून कुंपणालगतचे गवत आणवितो आणि दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधवितो. पाच जुड्या व दोन सुट्या काड्या मांडून सत्तावीस मागतो, आणि मागून गप्प बसतो. हे गप्प बसणे त्याच्या टाचणात नव्हते. एक मुलगा दोन जुड्या उचलतो, दोन सुट्या काड्या उचलतो, मग थांबतो. 'गुरुजी, एक सोडावी लागंल,' असे तो म्हणतो, आणि वजाबाकी शिकवून होते. मग पाटी, मग अंक. ३५ लगेच नाहीसे होत नाही. आठ-दहा दिवस अधूनमधून ते डोके वर काढते. परंतु आता शिक्षक एवढेच म्हणू शकतो, 'जुडी सोडलीस का?' आणि मूल आपली पाटी आपणच तपासते.

आता या शिक्षकास आपली रीत सापडली काय? गवताच्या जुड्या ही त्याची रीत, असे जर तो समजला, तर तो फसेल. पुढील वर्षी त्याची बदली हिंजवडीच्या बाजूस झाली आणि जुड्यांचे गाठोडे घेऊन तो तेथे गेला, तर लावणी न पाहिलेल्या मुलांपुढे ती केवळ आणखी एक शैक्षणिक साधन होईल, तक्त्यासारखीच. तेथील मुले दुकानातून सुटे पैसे आणतात. दहाची नोट मोडल्याशिवाय तीन रुपये देता येत नाहीत हे त्यांस चांगले कळते. सापडले आहे ते जुडीहून निराळे. शिकवावयाची गोष्ट मूल शाळेबाहेर कोठेतरी आधीच करीत असते. ती जागा शोधावी, मुलास ती करू द्यावी, आणि ते करीत असता आपण थोडे गप्प बसावे, हे त्यास सापडले. ते बदलीच्या गाठोड्यातून कोठेही जाते.

हाच शोध आपल्याकडील मोठ्या शिक्षकांनीही चुकतमाकतच लावला आहे. भावनगरचे गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) हे वकिली सोडून बालशिक्षणाकडे वळले. त्यांचे 'दिवास्वप्न' हे गुजराती पुस्तक कथारूप असून मराठीतही वाचले जाते. त्यातील शिक्षक शिक्षणाधिकाऱ्यांकडून प्रयोगासाठी चौथीचा वर्ग मागून घेतो, आणि पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ मांडतो. ग्रंथांत वाचलेला तो सुंदर खेळ. वर्गात मात्र गोंगाट होतो, खेळाची थट्टा होते, आणि शेवटी मुलांस सुटी देऊन तो दिवस संपवावा लागतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगतो, आणि वर्ग त्याच्याभोवती गोळा होतो. नव्या शिक्षकाने हे पुस्तक वाचावे ते त्यातील यशासाठी नव्हे, तर त्या पहिल्या दिवसासाठी. पहिल्या दिवशी फसलेला खेळ त्याने दुसऱ्या दिवशी दुप्पट जोराने लादला नाही. आणि खेळ फसला म्हणून छडीकडेही तो वळला नाही.

गिजुभाईंच्या बरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांची कथा याहून बोधप्रद आहे. मारिया माँटेसोरी यांच्या पद्धतीचा त्यांनी अभ्यास केला होता, आणि मुंबईस दादरच्या शिशुविहारात १९३६ पासून त्या पद्धतीने काम चालविले होते. पद्धत सिद्ध होती, साधने सुबक होती, मुले वेळेवर येत होती. १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे व आताच्या पालघर जिल्ह्यात, समुद्रकाठच्या बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. तेथे त्यांना येऊन मिळाल्या त्या अनुताई वाघ (१९१०–१९९२). अनुताई पुणे जिल्ह्यातल्याच, मोरगावच्या. बालपणीच वैधव्य आले असता त्या शिकल्या, पुण्यास प्रशिक्षण घेऊन शिक्षिका झाल्या, आणि नाशिक जिल्ह्यातील चांदोरी येथे काही काळ शिकवून पुढे पुण्याच्या हुजूरपागेत अनेक वर्षे त्यांनी अध्यापन केले. म्हणजे बोर्डीस गेल्या तेव्हा त्या नवख्या नव्हत्या. हात बसलेल्या शिक्षिका होत्या. तरी बोर्डीस त्यांस पुन्हा नव्याने शिक्षिका व्हावे लागले.

कारण बोर्डीची मुले वेळेवर येत नव्हती. काही वस्त्यांतील तर येतच नव्हती. माँटेसोरीची साधने गावास परवडणारी नव्हती. या दोन अडचणींतून जे निघाले ते आज देशभर ठाऊक आहे. साधने महाग, म्हणून शिंपले, बिया, पाने, खडे यांची साधने झाली. त्यांनीही मोजता येते, प्रतवारी करता येते, स्पर्शाचा भेद कळतो. मुले शाळेत येत नाहीत, म्हणून शाळाच वस्तीतील अंगणात गेली. 'अंगणवाडी' हा शब्द त्या अंगणातून आला. १९७५ साली केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा त्या केंद्रांस हेच नाव मिळाले. पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले दिवसभर गुरांमागे असत. त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात गेले, आणि तिला कुरणशाळा म्हणू लागले.

या इतिहासात एक गोष्ट वाचकाच्या नजरेतून सहज निसटते. ताराबाईंनी माँटेसोरी पद्धत टाकून दिली नाही. मुलाने स्वतः हाताने करून शिकावे, हा तिचा गाभा त्यांनी घट्ट धरला आणि म्हणूनच तिची लाकडी साधने त्यांना मोकळेपणाने सोडता आली. जो गाभा जाणत नाही तो साधनास चिकटून राहतो. नव्या शिक्षकाने उसन्या घेतलेल्या प्रत्येक गोष्टीस हा एक प्रश्न विचारावा: ही कशासाठी आहे? पंचपदीतील पूर्वतयारी कशासाठी? मुलास ठाऊक असलेल्यावरून नव्याकडे जाण्यासाठी. मग खाचरातून येणाऱ्या मुलाकडे ती पूर्वतयारी सकाळी सातपासून झालेली आहे. तिच्यासाठी लाडवांची गोष्ट रचण्याचे कारण नाही.

मुलांकडे पाहणे हा रीतीचा एक भाग झाला. दुसरा भाग शिक्षकाच्या स्वतःच्या स्वभावाचा आहे, आणि त्याविषयी आपल्याकडे कमी बोलले जाते. ज्याचा गळा गोड आहे तो कविता गाऊन शिकवील. ज्यास गाता येत नाही त्याने गाण्याचा आव आणला, तर मुले प्रथम हसतात व मग कंटाळतात. त्याने कवितेतील चित्र मुलांकडून काढून घ्यावे. कविता काही त्यावर रागावत नाही. शाळेच्या छपरावर पत्रा असेल, तर जुलैच्या पावसात बोलक्या शिक्षकाचा निम्मा आवाज पत्राच खातो. त्या दिवसांत ज्याच्याजवळ शब्दपट्ट्या, चित्रे व मुलांनी आपापले वाचावयाचे कागद तयार आहेत, असा अबोल शिक्षक पुढे निघून जातो.

दोन स्वभावांच्या शिक्षकांनी एकच पाठ कसा घ्यावा याचे उदाहरण येथील मातीतच आहे. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळशीस धरण बांधावयाचे ठरले, आणि जमिनी बुडणार म्हणून मावळ्यांनी १९२१ च्या एप्रिलमध्ये सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट (१८८०–१९६७) हे त्यात अग्रभागी होते. 'सेनापती' हे बिरुद त्यांस या लढ्यातून मिळाले. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला, धरण झाले, पाणी आजही घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहाकडे जाते. ज्याच्या वाणीत रस आहे असा शिक्षक हे सर्व गोष्टीच्या रूपाने सांगेल, आणि चौथीचा वर्ग श्वास रोखून ऐकेल. ज्यास तसे सांगता येत नाही तो मुलांस आदल्या दिवशी एक प्रश्न देऊन घरी पाठवील: आपल्या घराण्याची जमीन पाण्याखाली आहे काय, आणि ती कोठे होती? दुसऱ्या दिवशी फळ्यावर जलाशयाचा आकार काढून मुले आजोबा-आजींनी सांगितलेली नावे त्यात भरतील. दोन्ही पाठ उत्तम होतील. मात्र पहिल्या शिक्षकाने गोष्टीच्या शेवटी मुलांस लिहावयास लावावे, नाहीतर गोष्ट रसाळ होते आणि वहीत काही उरत नाही. दुसऱ्याने सन व क्रम नीट सांगावा, नाहीतर आठवणी गोळा होतात आणि इतिहास हाती लागत नाही. आपल्या स्वभावाचे गुण शिक्षकास लवकर कळतात. त्याच स्वभावामुळे मुलांचे नेमके काय राहून जाते, ते कळावयास वेळ लागतो.

स्वतःची रीत म्हणजे मनास येईल ते करण्याची मुभा नव्हे. काही गोष्टी रीतीच्या कक्षेबाहेर आहेत. छडी ही त्यांतील पहिली. 'मी थोडा कडक आहे, ती माझी पद्धत आहे' असे सांगणारे शिक्षक आजही भेटतात. बहुधा त्यांच्या लहानपणीच्या गुरुजींचा हात त्यांच्या हातात राहिलेला असतो. बालकांच्या सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, आणि त्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई केली आहे. मानसिक छळ हा शब्द शिक्षकांनी थांबून वाचावा. 'पानी' म्हणणाऱ्या मुलास दर वेळी वर्गासमोर 'पाणी' म्हणावयास लावले, की ते मूल पंधरा दिवसांत बोलणे सोडते. कातकरी वस्तीवरील मूल त्याआधीच सोडते. त्याने 'पानी' म्हटले तर त्याच्या म्हणण्यास उत्तर द्यावे, आणि उत्तरात 'पाणी' हा शब्द आपण नीट उच्चारावा. कान आपले काम करतात.

वाचनाचा तास ही दुसरी अशी गोष्ट. प्रत्येक मुलाने रोज थोडे तरी स्वतः वाचले पाहिजे, आणि ते शिक्षकाच्या कानावर पडले पाहिजे. शिक्षक गोष्टीवेल्हाळ असो वा गणितप्रेमी, यात सूट नाही. दोन इयत्ता एकत्र असताना हे कठीण जाते. तेव्हा चौथीतील चांगल्या वाचकाशेजारी तिसरीतील अडखळणारे मूल बसवावे. चौथीच्या मुलाचा त्यात वेळ जातो अशी पालकांची समजूत असते. दुसऱ्यास वाचून दाखविताना त्याचे स्वतःचे वाचन सुधारते, हे त्यांस वर्गात बोलावून प्रत्यक्ष दाखवावे.

आता संध्याकाळच्या कामाविषयी. टाचणवहीत उद्याचा पाठ लिहिण्याचा प्रघात आहे. तो पाठ झाल्यावर काय झाले हे लिहिण्यास तेथे जागा नसते. नव्या शिक्षकाने वहीचे डावे पान कोरे ठेवावे, आणि शाळा सुटल्यावर कुलूप लावण्यापूर्वी त्यावर तीन-चार ओळी लिहाव्यात. पाठ चांगला झाला किंवा वाईट झाला असे लिहू नये. त्यातून पुढे काही कळत नाही. कोणत्या क्षणी मुले सरसावून बसली, कोणत्या क्षणी पहिले मूल खिडकीबाहेर पाहू लागले, एकच चूक किती पाट्यांवर आली, आणि मुलाने विचारलेला एखादा अनपेक्षित प्रश्न, एवढे पुरे. नावे लिहावीत. 'काहींना समजले नाही' या वाक्यात कोणतेच मूल नसते. हे लिहावयास सात-आठ मिनिटे लागतात, शेवटची एस. टी. गाठावयाची असेल, तर गाडीची वाट पाहत लिहावे.

ज्येष्ठ सहकाऱ्याचा पाठ पाहणे हाही जुना व चांगला उपाय आहे, परंतु दोनशिक्षकी शाळेत दोघांचेही वर्ग एकाच वेळी चालू असतात. शनिवारी सकाळी दोन्ही वर्ग एकत्र बसवून एकाने शिकवावे व दुसऱ्याने मागे बसावे, असे करता येते. मागे बसणाऱ्याने शिक्षकाकडे पाहू नये. त्याने दोन मुले निवडावीत आणि तासभर त्यांच्याकडेच पाहावे. ज्येष्ठाच्या हातवाऱ्यांची नक्कल करण्याचा धोका त्यामुळे टळतो, आणि त्याचे कोणते वाक्य मुलापर्यंत पोहोचले हे कळते. ज्येष्ठांनीही नव्याचा पाठ पाहून लगेच सूचनांचा पाऊस पाडू नये. 'तो तिसऱ्या रांगेतला मुलगा तुमचा प्रश्न संपण्याआधीच हात वर करतो आणि मग खाली घेतो', असे एक निरीक्षण दहा सूचनांचे काम करते.

पर्यवेक्षकांच्या भेटीविषयी एक स्पष्ट शब्द सांगणे आवश्यक आहे. केंद्रप्रमुख येणार असे कळले, की पुष्कळ शाळांत राखून ठेवलेला एक पाठ बाहेर निघतो. मुलांसही तो पाठ असतो. कोणत्या प्रश्नास कोणी हात वर करावयाचा हे ठरलेले असते. असा देखावा नव्या शिक्षकाचे मोठे नुकसान करतो. त्यास जेथे मदत हवी ती जागा त्याने स्वतःच झाकून टाकलेली असते, आणि भेट देणारा अधिकारी समाधानाने शेरा लिहून पुढच्या शाळेकडे निघतो. नव्या शिक्षकाने भेटीच्या दिवशी जो पाठ चालू असेल तोच चालवावा, आणि शेवटी डावे पान पुढे ठेवून, 'या चार मुलांचे ३५ अजून जात नाही, काय करावे?' असे विचारावे. पर्यवेक्षकांनीही अशा प्रश्नाची नोंद शिक्षकाच्या विरुद्ध करू नये. ज्या केंद्रात ती एकदा होते, तेथील शिक्षण परिषदेत मग कोणीच खरे बोलत नाही, आणि दर महिन्याचा तो दिवस परिपत्रके वाचण्यात जातो.

दिवाळीच्या सुटीत भाताची कापणी संपत आलेली असते आणि शाळा बंद असते. मुळशीच्या त्या शिक्षकाने तेव्हा जूनपासूनची डावी पाने एका बैठकीत वाचावीत. पहिल्या पानांवर त्यास स्वतःविषयीच्याच नोंदी आढळतील: आवाज बसला, वेळ पुरला नाही, तक्ता पडला. हळूहळू त्या कमी होऊन मुलांची नावे येऊ लागतील. एक नाव वारंवार येत असेल आणि एखादे साऱ्या सत्रात एकदाही आले नसेल. जे आले नाही त्याच्या घराकडे सुटी संपण्याआधी एकदा जाऊन यावे. त्यानंतर उजव्या पानावर दुसऱ्या सत्रातील पहिल्या दिवसाचे टाचण लिहावे: भागाकार, समान वाटणी, झोडपणीनंतर घरोघर भात मोजून कणगीत कसे भरतात ते मुलांस विचारावे, मापे मुलांकडूनच मागवावीत, पहिला प्रश्न त्या न आलेल्या नावास.